बसा हो आधी

“बसा हो आधी. उभ्यानं भांडण मिटत न्हाई,” असं म्हणत बाई पदराने खुर्ची पुसायच्या. खुर्ची स्वच्छ असली तरी पुसायच्या. तावातावाने आलेला माणूस ओशाळून बसायचा आणि निम्मं भांडण तिथेच संपायचं.

बाई किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका, मी अहमदपूरला मुख्याध्यापक. संस्था चालवणाऱ्यांसाठी तंटे सोडवण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नांदेडला निघाला, तेव्हा रविवारच्या वर्गात आम्ही शेजारी बसलो. दोघंही पन्नाशी उलटलेले. प्राध्यापक पडद्यावर बाणच बाण काढून समेटाच्या पायऱ्या दाखवायचे. बाई डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवत पुटपुटायच्या, “सर, एवढे बाण मारल्यावर कोण जित्तं राहील समेटाला?” मला हसू आवरायचं नाही.

त्यांच्या शाळेत एक गुरुजी होते, शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासूनचे. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. गुरुजी बौद्ध घरातले. लहानपणी गावच्या शाळेत त्यांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवत. हे त्यांनी शाळेत एकट्या बाईंना सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी खरा तंटा सोडवायचा होता. वसतिगृहाच्या रात्रपाळ्यांवरून गुरुजी आणि अधीक्षक यांचं वाजलेलंच होतं. पुस्तकातली पद्धत अशी, की आधी दोघांना वेगवेगळं बसवून ऐकायचं. बाई म्हणाल्या, “मी तर दोघांला एकाच बाकावर बसवते.” शहाणपणा मी केला. म्हणालो, “बाई, पद्धत पाळा. मार्क जातील.”

बाईंनी पद्धत पाळली. अधीक्षक आधी आले, ते ऑफिसात बसले. दुसरी खोली रिकामी नव्हती. गुरुजींना व्हरांड्यात खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. तासाभराने दार उघडलं, तर गुरुजी पायऱ्यांपाशी उभे.

“बाई, तुम्हीबी मला भाईर बसवलं?”

एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला.

गुरुजी नांदेडला मुलाकडे राहायला गेले. बाई दर रविवारी वर्गाआधी तिथे जायच्या. एकदा मीही गेलो. गुरुजी दारात आले.

“चुकलं माझं, गुरुजी.”

“हाव बाई. चुकलं.”

आवाजात राग नव्हता. पण बसा म्हणाले नाहीत. बाई थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, मग “येते” म्हणाल्या. वाटेत त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रकल्पात बाईंनी आपली चूक जशीच्या तशी लिहिली. परीक्षकांनी ‘उत्कृष्ट’ असा शेरा मारला. पदवी घ्यायला त्या आल्याच नाहीत. रविवारची गुरुजींकडची फेरी मात्र अभ्यासक्रम संपल्यावरही चालू होती.

यंदा बाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. गुरुजी सगळ्यांच्या मागे उभे होते. मी खुर्ची घेऊन गेलो, नकळत रुमालाने पुसली आणि म्हणालो, “बसा, गुरुजी.”

ते खुर्चीकडे बघत राहिले. म्हणाले, “दर रविवारी ठरवायचो सर, आज त्यांला बसा म्हणायचं.”

सभा संपेपर्यंत ते उभेच होते.