बापूंच्या भिंतीवरचा कोरा झेंडा

परवा बापू गेले.
हॉलच्या भिंतीवर त्यांचे झेंडे तसेच आहेत. खालची खुर्ची रिकामी.

बापू म्हणजे माझे वडील. नेव्हीत होते. एकाहत्तरच्या लढाईच्या जरा आधी त्यांचं ट्रेनिंग झालं. प्रत्येक तुकडीचा एक पांढरा झेंडा असायचा. ट्रेनिंग संपलं की सगळी पोरं त्यावर सह्या करायची आणि चिठ्ठ्या टाकून एकजण तो घरी न्यायचा.

रिटायर झाल्यावर बापू हेच झेंडे गोळा करत फिरले. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून. एका घरी तर टीव्हीवर पांघरलेला सापडला.
आई वैतागायची. "लोकं भिंतीला देव लावतात, आमच्यात झेंडे."

फक्त स्वतःच्या तुकडीचा झेंडा त्यांच्याकडे नव्हता. तो राजूरला, हिरामावशींकडे.

मावशींचे यजमान किसनकाका बापूंचे जिगरी दोस्त. चिठ्ठीत निघालेला झेंडा सुट्टीत घरी ठेवून गेले, ते लढाईतून परत आलेच नाहीत. घरात साधा फोटोही नव्हता. काकांच्या हातचं म्हणून मावशींकडे फक्त ती सही.

बापूंनी एकदाच मागून पाहिला.
"भाऊ, जीव मागा. ह्यो न्हाई."

पुन्हा विषय काढला नाही. पण दरवर्षी मला घेऊन केडगावहून राजूरला जायचे. मावशींना वाचता येत नाही, त्यात डोळे अधू. बापू त्यांचं बोट धरून सहीवर ठेवायचे.
"हा किसन. त्याच्या खाली मी."
मावशी बराच वेळ बोट उचलायच्या नाहीत.

गेल्या वर्षी मावशींनीच झेंडा पुढे केला. "न्या आता. माझ्यामागं ह्याला कोन हाय?"

बापूंनी घडी उलगडली.
झेंडा पांढराफटक.

"कळकट कापड कसं द्यायचं? कालच धुतला. चांगला निघालाय ना?"

जुनी शाई ती. एक अक्षर उरलं नव्हतं.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात बापूंनी डोळे वटारले.
"लई भारी निघालाय, वहिनी. पार नव्यावानी."

"येकदा सही दावा."

बापूंनी त्यांचं बोट धरलं. कोऱ्या कापडावर, बरोबर जागेवर ठेवलं.
"हा किसन. त्याच्या खाली मी."

संगमनेर येईपर्यंत गाडीत बापू नुसते डोळे पुसत होते. मग म्हणाले, "तिला कधी कळू द्यायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

तो कोरा झेंडाही त्यांनी भिंतीवर लावला. मधोमध.

आज मावशी भेटायला आल्या. शेजारणीचा हात धरून, एसटीनं.
"झेंडा काढ गं."

मी काढला. त्यांचं बोट धरलं. जागा मला पाठ होती.
"हे किसनकाका. त्यांच्या खाली बापू."


"पोरी, मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "धुताना बादलीतलं पानी निळं झालं व्हतं. तेवढं दिसतं मला. वाटलं, थोडं तरी ऱ्हायलं आसंल. पन बोट धरताना भाऊंचा हात लटलटला, तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी माझ्यासाठी येवढं केलं. ते मोडायचं का?"

बोट तिथंच होतं. मीही हात काढला नाही.

बापू, शपथ मी मोडली नाही. त्यांना आधीच कळलं होतं.
निघा आता निवांत. झेंडा मी सांभाळते.