ऑक्ताव्ह द्यूकेन चर्चची पायरी चढतो

द्यूकेनांच्या घरातला पुरुष तीन पिढ्यांत चर्चची पायरी चढला नव्हता, आणि ऑक्ताव्हला याचा कोण अभिमान! बायका आत प्रार्थनेला गेल्या की पुरुष समोरच्या कॅफेत पांढऱ्या वाइनचा पेला घेऊन बसत. लग्न असो की मयत, दारापर्यंत जायचं, टोपी काढायची, माघारी फिरायचं. आमच्याकडे असे पुष्कळ होते, पण एवढा कडवा दुसरा नाही. स्वतःच्या बायकोच्या शवपेटीलाही त्याने दारापर्यंतच खांदा दिला.

आणि आता नात लग्नाला उभी राहिली. जिनेतचा बाप लढाईत गेला, आई त्याआधीच; तिला वाढवली ती ऑक्ताव्हनेच. नवरा लाँ शहरातला, लग्न टेकडीवरच्या मोठ्या चर्चमध्ये.

"दारापर्यंत येतो पोरी. पुढे वेदीपर्यंत तुझा मामा नेईल."

"मामा का? ताप आला तेव्हा मामा बसला होता उशाशी? राहू द्या आजोबा, मी एकटी जाते. बघू दे सगळ्यांना, द्यूकेनांच्या पोरीला कोणी नाही म्हणून."

पोर त्याच्याच वळणावर गेलेली. म्हटलं तसं केलंच असतं तिने.

पुढच्या आठवड्यात दोघं बसने लाँला गेली. जिनेत पाद्र्याला भेटायला आत गेली, ऑक्ताव्ह बाहेर. जन्मभर त्याने ते मनोरे खालच्या शेतांतून पाहिले होते; इतक्या जवळ कधी उभा राहिला नव्हता. मान वर केली तर मनोऱ्यांतून दगडी बैल खाली डोकावत होते. चर्च बांधताना टेकडीवर दगड ओढणाऱ्या बैलांची ती आठवण. ट्रॅक्टर येईपर्यंत ऑक्ताव्हने बैलच हाकले होते. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

जिनेत बाहेर आली तेव्हा म्हातारा स्वतःशीच बोलत होता.

"देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसावाच. पण ओढणाऱ्याला संतांच्याही वर बसवलं यांनी! आपल्या मालकांनी कधी गड्याचं नाव तरी विचारलं?" मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मामाला सांग, तुझी गरज नाही."

लग्नाच्या दिवशी सकाळी नगरपालिकेत सह्या झाल्या. ऑक्ताव्हच्या मते लग्न तिथेच लागलं. मग वरात चर्चपाशी आली. समोरच्या कॅफेच्या दारात गावाहून लग्नाला आलेले त्याचे जुने सोबती उभे होतेच.

"काय रे ऑक्ताव्ह, म्हातारपणी देव आठवला?"

"देव नाही, नात! तुमच्या पोरींनी कधी विचारलंय का तुम्हाला?"

जिनेतचा हात धरून तो पायऱ्या चढला आणि ताठ मानेने थेट वेदीपर्यंत गेला.

पुढे प्रार्थनेत घंटा वाजली आणि सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. पहिल्या रांगेत एकटा ऑक्ताव्ह उभा, टोपी हातात, नजर समोर. जिनेतची सासू कुजबुजली, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "कसला हा माणूस? गुडघे टेकायचंही कळत नाही?"

नवरीने गुडघ्यांवरूनच मान वळवली.

"माझे आजोबा आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "ते उभेच राहतील."