उलट्या दाराची गाडी

मोठ्या गाड्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारली नाहीत तरी मी ती सांगते. पुण्यात वाढलेल्या माणसाला एवढी मुभा असते. शिवाय माझं पोटच त्यावर चालतं. खराडीतल्या एका ऑफिसात आम्ही परदेशी गाड्यांचे पत्रे कॉम्प्युटरवर घडवतो. तिकडून चित्र येतं. दाराचा पत्रा कुठे किती फुगवायचा, त्यावरून उजेड कसा सरकला पाहिजे, हे आम्ही इथे बसून जमवतो. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षं दारंच आली. त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की माझी नजर आधी दाराकडे जाते, मग मालकाकडे.

दुपारचे डबे संपले की आमची मंडळी शतपावलीच्या नावाखाली पार्किंगमध्ये उतरायची आणि उभ्या गाड्यांचं उणंदुणं काढायची. छोट्या गाड्यांना आम्ही सांभाळून घ्यायचो, कारण त्या आमच्याच असायच्या. सगळा राग अतिश्रीमंतांच्या त्या अवाढव्य एसयूव्हींवर निघायचा. समोरची जाळी एवढी उभी, की देऊळ उघडलंय की बंद आहे ते बघायला जावंसं वाटावं. चकचकीत पट्ट्या जिथे तिथे. बाजूने पाहिलं तर छपराची रेघ छान मागे उतरत आलेली असायची, तेवढं मी मान्य करायचे; पण मागून बघितलं की पुन्हा कपाट ते कपाटच. चांगल्या आकाराला हात आवरता येतो, असं माझं म्हणणं. या गाड्यांना आवरणं ठाऊकच नाही. त्या नुसत्या उभ्या असल्या तरी ‘बाजूला व्हा’ म्हणतात.

त्यातल्या एका गाडीवर माझा विशेष दात होता. तिची मागची दारं उलटी लावलेली होती. म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला, आणि दार पुढून उघडायचं, जुन्या तिजोरीसारखं. यात दिखाव्याशिवाय काही नाही, साहेब उतरताना चार लोकांनी बघावं एवढाच हेतू आहे, असं मी दारांच्या अधिकारवाणीने सांगायचे आणि सगळे माना डोलवायचे.

हे असं नाक मुरडायची चैन मला मिळाली ती आईमुळे. माझ्या लहानपणी रस्त्यावर गाड्यांचे आकार मोजकेच होते आणि आमच्याकडे त्यातला एकही नव्हता. मग बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या, आणि मी वहीच्या मागच्या पानांवर त्यांची चित्रं काढत बसायला लागले. आई शाळेत शिक्षिका. दुसऱ्या एखाद्या आईने वही हिसकावून घेतली असती. आईने चित्र बघून विचारलं, “चाक गोल का नाही आलं?” आणि दुसऱ्या दिवशी कंपासपेटी आणून दिली. मेकॅनिकलला वर्गात आम्ही मोजक्याच मुली होतो. नातेवाईक म्हणाले, मुलीला बँकेच्या परीक्षा देऊ दे. आई म्हणाली, बँकेत गाड्या काढत नाहीत.

आईची नोकरी खराडीतच झाली, पण तेव्हाची खराडी म्हणजे ज्वारीची शेतं आणि कौलारू शाळा. बिबवेवाडीहून दोन बस बदलून ती जायची. आज मी जिथे बसते त्या काचेच्या इमारतींच्या आसपासच कुठेतरी तिची पोरं शाळा चुकवून चिंचा पाडायला जात असत.

पाच-सहा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, खुबा बदलावा लागला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, वॉकर धरून ती घरात चालायलाही लागली. डॉक्टरांची अट एकच होती : गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे खुर्ची उंच हवी, पलंग उंच हवा. पौर्णिमा जवळ आली तेव्हा कळलं, की गाडीही उंच हवी.

पौर्णिमेला आईला माहेरच्या वस्तीतल्या विहारात जायचं असतं. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, आणि पुढे वस्तीतल्या लोकांबरोबर विटा वाहून ते विहार उभं केलं. तिथे त्रिशरण-पंचशील आई म्हणते आणि मागून बायका म्हणतात, हे मी कळायला लागल्यापासून चालत आलेलं. ते विहार येरवड्याच्या बाजूला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

मी माझी छोटी गाडी दारात आणली. आमच्या घरात उंच अशी आईच. ती वाकली, सीट तिच्या खाली कुठेतरी खोल होती, अर्ध्यावर पाय अडकला आणि तिने दाराची चौकट घट्ट धरली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला बाहेर काढायला मला वरच्या मजल्यावरच्या दोघांना हाक मारावी लागली. रिक्षाची पायरी त्याहून अवघड. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, “विहारात अँब्युलन्समधून उतरले तर बायका वंदना सोडून रडायला लागतील.”

त्या पौर्णिमेला ती गेली नाही. संध्याकाळी तिने विहारातल्या बायकांना फोन केला आणि शांतपणे सांगितलं, “आता तुम्ही दुसरं कुणीतरी बघा.” फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला त्या वाक्याची भीती वाटली. पुढच्या दिवसांत ती वॉकर धरून गॅलरीपर्यंतही जाईना. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पाय ठीक आहे हो. त्यांनी मनात घेतलंय. एकदा बाहेर पडल्या पाहिजेत, नाहीतर मग अवघड आहे.”

पुढची पौर्णिमा आठवड्यावर असताना आईचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. खराडीतलाच, शेतीवाला. जमिनीवर इमारती झाल्या आणि त्याचे दिवस पालटले, पण दर दिवाळीला बाईंच्या पाया पडायला यायचं त्याने कधी चुकवलं नाही. मी गॅलरीतून पाहिलं तर आमच्या गल्लीत इकडून तिकडे भरून उरलेली तसलीच उलट्या दारांची गाडी. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, “अहो, इथे बसथांबा नाहीये.”

तो वर आला, आईजवळ जमिनीवरच बसला. सगळं ऐकून म्हणाला, “बाई, एवढंच ना? मी हाय की. पौर्णिमेला मी नेतो तुम्हाला.”

“त्या ट्रकमध्ये मी चढणार नाही,” आई म्हणाली.

मी त्याला घेऊन खाली गेले. व्यवसायाची खोड. त्याने मागचं दार उघडलं तशी गाडी हळूच खाली बसली, हत्ती माहुतासाठी बसतो तशी. मी सीटकडे पाठ करून उभी राहिले. सीट मला बरोबर मांडीच्या वरच्या बाजूला टेकली. वाकायचं नाही, चढायचं नाही, नुसतं मागे टेकायचं. आणि टेकल्यावर पाय पुढे घ्यायला अख्खी मोकळी जागा, कारण नेहमी तिथे असणारं दार या गाडीत मागे गेलेलं. मी पाय आत घेतले, बाहेर काढले, पुन्हा घेतले. तो मला संशयाने बघत होता. मी विकत घेणार असं त्याला नक्कीच वाटलं नसणार.

तेवढ्यात मला खालून चुरचुर ऐकू आलं. सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. एवढी गाडी, आतलं कातडं सायीच्या रंगाचं, आणि त्यावर प्लास्टिक! माझ्या धंद्यात हे पाप आहे. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण तो ओशाळून म्हणाला, “घरचे काढू देत न्हाईत, ताई. डाग पडंल म्हणत्यात.”

पौर्णिमेच्या सकाळी तो स्वतः चालवत आला. मी हात धरायला होते म्हणून आई तयार झाली, पण तोंड आंबट. पांढरी साडी, हातात वॉकर, एकेक पाऊल. ती गाडीशी पोचते न पोचते तोच त्याने सीटवरचं प्लास्टिक ओढायला घेतलं. “बाई बसणार. त्यांना काय प्लास्टिकवर बसवू व्हय?” मीही खुशीने दुसरं टोक धरलं. पलीकडचं अर्धं फाटून हातात आलंसुद्धा.

“थांबा दोघं,” आई म्हणाली. वर्गातला आवाज. आम्ही थांबलो. “फिजिओच्या बाई काय म्हणाल्या होत्या? सीटवर प्लास्टिकची पिशवी घाला, म्हणजे वळायला सोपं जातं. मागच्या वेळी तू विसरलीस. आता याने आपणहून घातलंय तर तेही काढताय.”

अलीकडचं अर्धं राहिलं होतं. आई पाठ करून उभी राहिली, मागे टेकली, आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून सगळी अलगद वळली. पाय तिचे तिनेच आत घेतले. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नाही. दार मागून येऊन आपलं आपण मिटलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

अख्ख्या रस्त्यात माझ्या मनात कुणा एका अनोळखी माणसाबद्दलची कृतज्ञता होती. थंड देशातल्या कुठल्या तरी ऑफिसात बसून त्याने किंवा तिने ती बिजागरी मागे सरकवली असेल. कदाचित घेरदार झग्यातल्या बायकांसाठी सरकवली असेल, बिबवेवाडीच्या निवृत्त बाईंचा विचार त्यात कुठून असणार. पण असल्या कामात खपलेल्या तासांचे आभार कुणी मानत नाही, हे मला घरचंच दुःख. म्हणून मी मनातल्या मनात मानले. आईच्या विद्यार्थ्याच्या घरच्यांचेही मानले, ज्यांनी डागाच्या भीतीने प्लास्टिक जपलं. समोरच्या जाळीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ती अजूनही फार उंच आहे.

विहाराशी गाडी थांबली तेव्हा वस्तीतली पोरं गोळा झाली. बायका बाहेर आल्या. गाडीकडे कुणी बघेना. सगळ्या आईकडेच बघत होत्या. आत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई खुर्चीवर बसली, पदर नीट केला. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला बायकांनी उचलून धरला आणि तिसरीला तो शाळेतल्याइतका खणखणीत झाला. तिचा विद्यार्थी बूट काढून मागच्या भिंतीशी उभा होता. त्याला शब्द येत नव्हते. त्याने हात जोडले होते.

परतताना आई काचेतून बाहेर बघत होती. नदीवरचा पूल ओलांडल्यावर मला म्हणाली, “पुढच्या पौर्णिमेला रिक्षाने जाऊन बघू.”

त्याने आरशातून पाहिलं. त्याला लागलं होतं. “का बाई? गाडीत काय कमी हाय?”

“कमी काहीच नाही रे,” आई म्हणाली. पुढे झुकता येत नव्हतं म्हणून तिने तिथूनच हात लांब केला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवला. “तू मला घरातून बाहेर काढलंस. आता माझी मला जाऊ दे.”