भिंतीवरून जाणारी कळशी

आमच्या मागच्या गल्लीतल्या भिंतीवरून रोज सकाळी एक भरलेली कळशी पलीकडे जाते. अलीकडून शांताबाई ती वर धरतात, पलीकडून सकीनाभाभी उतरवून घेतात. दंगलीनंतरच्या शांतता बैठकीत ही भिंत ठरली, तेव्हा दोघी दाराशी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"अहो, नळ एकाच बाजूला राहील की," शांताबाई म्हणाल्या.

"बाई, आधी चहा द्या," आतून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

भांडले तेच मिटवायला बसले. पाणी भरणाऱ्यांना कोण विचारतो?

काल पुन्हा बैठक झाली. आज भिंतीवर काचा रोवताहेत. शांताबाईंनी सवयीने कळशी वर धरली.

"ताई, हात सांभाळा," गवंडी म्हणाला.

पलीकडचे दोन हात अजून वरच होते.