छतातलं बुजवलेलं भोक

थुंकीचा तिसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला, तेव्हा मी दोष मायक्रोस्कोपला दिला. स्वतःला द्यायची सवय अजून लागायची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोनपेठकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवाकोरा मेडिकल ऑफिसर. पेशंट अनसूयाबाई. वय चाळिशीचं, वर्षभराचा खोकला, छातीत घरघर, वजन घटलेलं. मी खुर्चीतून न उठता ठरवलं, टीबी. एक्स-रे काढायला परभणीला पाठवावं लागे. तेवढा धीर माझ्यात नव्हता. थुंकीत जंतू दिसले नाहीत तरी टीबी असू शकतो, हे पुस्तकातलं एक वाक्य मला पाठ होतं. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, रोज एक. वर सल्ला फुकट: "घरात पडून राहायचं. गार वारं लागू द्यायचं नाही."

इंजेक्शन द्यायला आमचे कंपाउंडर शेखमामा सायकलवर तिच्या घरी जात. दोन आठवड्यांनी म्हणाले, "साब, त्या घरात सुई टोचेपर्यंत मलाच खोकला येतो. एक बार घर तो देखो."

"मामा, विड्या कमी ओढा," मी म्हणालो. स्टाफ हसला. माझ्या विनोदांना स्टाफ नेहमीच हसायचा. साहेब मी होतो ना.

महिन्याभरानं तिचा नवरा लक्ष्मण केंद्रावर आला. "डाक्टरसाब, दम वाढायलाय. आन् आता हाक मारली तर ओ बी देईना. कानात शिट्टी वाजायलीय मनते."

स्ट्रेप्टोमायसिन कानाची नस मारू शकतं. तेही पुस्तकात होतं. पाठ तेवढं केलं नव्हतं.

इंजेक्शन थांबवलं आणि मामांसोबत तिचं घर गाठलं. धाब्याचं घर, म्हणजे मातीच्या छताचं. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. सून भाकरी थापत होती. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणि गोवऱ्या. चुलीपासून दोन हातांवर बाज, बाजेवर अनसूयाबाई. अशा घरात धूर जायला छतात भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. मी वर पाहिलं. साण्यावर फरशी, कडा शेणमातीनं लिंपलेल्या.

"हे कुणी बुजवलं?"

लक्ष्मण माझ्याकडं बघतच राहिला. "तुमीच मनलात की, वारं लागू द्याचं न्हाई. त्याच दिवशी वर चढून लिंपलं."

मामा नुसते खोकले. विड्यांचं नाव मी काढलं नाही.

परभणीच्या एक्स-रेत टीबी नव्हता. जन्मभराच्या धुरानं फुप्फुसं गेली होती, आणि शेवटचा महिना माझ्या सल्ल्याचा. साणं उघडलं, चूल अंगणात गेली. खोकला कमी झाला. दम नाही. कान तर सुधारलेच नाहीत.

पुढं ती केंद्रावर आली, तेव्हा मी ओरडून सांगितलं, "चुलीपासून लांब बसायचं!"

"काय?"

"चुलीपासून लांब!" बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं.

ती हसली. "आता कशाला वरडायलात, डाक्टरसाब? पयल्या दिशी हळू मनला असतात तरी आयकू आलं असतं."

त्या हिवाळ्यात ती गेली.

छापील केसपेपरवर नाव, वय, गाव एवढेच रकाने होते. मी हातानं एक वाढवला: चूल कुठं? तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा रकाना कुणाच्या ऑर्डरनं?"

"अनसूयाबाईंच्या," मी म्हणालो. साहेबांनी ते नाव आपल्या वहीत लिहून घेतलं. वरिष्ठ असाव्यात, असं त्यांना वाटलं असणार. त्यांचं चुकलं नव्हतं.