वन्संचा राहिलेला प्रश्न

स्वतः आयुष्यात एकही सॉफ्टवेअर विकत न घेता सॉफ्टवेअरबद्दल इतकं बोललेली बाई, आमच्या वन्सं सोडल्या, तर अख्ख्या साताऱ्यात दुसरी सापडायची नाही. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि महिन्याभरातच रिकामं बसून कंटाळल्या. मग पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम धरलं. काम असं, की कारखानदार, व्यापारी, डेअरीवाले यांना फोन करायचा आणि विचारायचं, तुमच्याकडे सॉफ्टवेअर कुठलं, ते घ्यायचं कुणी ठरवलं, माणसं ते वापरतात की नुसतंच पडून आहे. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, कॉम्प्युटर आला, आणि वन्सं रोज नोकरीतल्यासारखी इस्त्रीची साडी नेसून बसायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, फोनवर कोण बघतंय?" तर म्हणाल्या, "अगं, आवाजात कळतं."

या कामाचं वेड इतकं, की घरातही तीच भाषा सुरू झाली. ताटावर बसल्या की मला विचारायच्या, "आमटीबद्दल आम्ही समाधानी आहोत की नाही, हे तू कधी विचारतच नाहीस." नवा मिक्सर आणला तेव्हा भर पाहुण्यांत ह्यांना पकडलं. "हा घ्यायचा निर्णय कुणाचा?" हे छाती काढून म्हणाले, "माझा." "आणि वापरतं कोण?" ह्यांनी पाहुण्यांपुढे चिवडा सरकवला. त्या मिक्सरचं झाकण आजतागायत नीट बसत नाही, ते सोडा. आटपाडीच्या एका डाळिंबवाल्याने त्यांना सुनावलं होतं, "आवं बाई, सॉफ्टवेअर कसलं इचारताय? पाण्याचा टँकर कवा येनार ते सांगनारं कायतर आसलं तर लगीच घेतो!" वन्संनी तेही जसंच्या तसं कंपनीला कळवलं. कंपनीने काय केलं देव जाणे.

पण खरं वेड निराळंच. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला एक वाक्य वाचून दाखवायचं असायचं: आपण दिलेली माहिती गुप्त राहील, आणि या पाहणीशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरली जाणार नाही. कंपनीच्या बाकीच्या फोन करणाऱ्या मुली ते एका दमात उरकत असतील. वन्सं देवापुढे शपथ घ्यावी तसं वाचायच्या. पुढे माझ्या भाचीला लोणंदच्या एका कारखानदाराच्या घरचं स्थळ आलं. त्यांच्याशी वन्संचं तासभर बोलणं झालेलं. मी म्हटलं, "वन्सं, धंदा कसा चाललाय एवढं तरी सांगा. आपल्या घरची पोर आहे." तर म्हणतात कशा, "ते माझ्याशी बोलले ते पाहणीवाल्या बाईशी बोलले. तुझ्या नणंदेला त्यातलं काही माहीत नाही." भाचीची आई महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

तर सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते. नाव मी सांगणार नाही, वन्सं मला घरात ठेवायच्या नाहीत. फोन चालू असताना त्या दार लावून घ्यायच्या खऱ्या, पण कानाने जरा कमी, म्हणून फोन मोठ्याने लावलेला. स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "खरेदीचा शेवटचा निर्णय कोण घेतं?" पलीकडून आवाज आला, "मीच की. मंडळी गेल्यापासनं दुसरं हाय कोन हितं?" वन्सं म्हणाल्या, "मग जेवणाचं कसं करता?" हा प्रश्न कंपनीचा नव्हता.

शेवटचा प्रश्न असायचा, येत्या वर्षात काही नवीन घ्यायचा विचार आहे का? गृहस्थ म्हणाले, "त्याचं उद्या सांगतो. इच्यार कराय पायजे." दुसऱ्या दिवशी फोन लागला. मुनीमजी कॉम्प्युटरला कसे बिचकतात, बिलांचा घोळ कसा होतो, लिंबाचं लोणचं का बुरसतं, सगळं झालं. शेवटचा प्रश्न आला की पुन्हा, "उद्या सांगतो." असं किती दिवस चाललं म्हणून सांगू! कंपनीतली, कामावर नजर ठेवणारी पोरगी वन्संवर ओरडली, "मॅडम, या एकाच माणसावर किती वेळ घालवणार?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "ते विचार करताहेत." त्या दिवसांत इस्त्रीच्या साडीवर मोगऱ्याचा गजरा यायला लागला. फोनवर कोण बघतंय, असं मी या खेपेला विचारलं नाही.

आणि एके दिवशी कंपनीचा निरोप आला. उद्यापासून फोन यंत्रच करणार, प्रश्नही तेच विचारणार, तुमचे आभार. इतके दिवस फोन लागायचा तो कंपनीच्या कॉम्प्युटरवरून. त्या गृहस्थांनी उलट लावला तर आमच्याकडे काही वाजणार नव्हतं. मी म्हटलं, "दुकानाचं नाव माहीत आहे, नंबर काढायला कितीसा वेळ?" वन्संनी गजरा काढून देवापुढे ठेवला. "तो नंबर मला दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही, असं मी त्यांना रोज वाचून दाखवलंय."

गेल्या माघात एका लग्नाला आम्ही दोघी सांगलीला गेलो. रिक्षा मार्केट यार्डातून मी मुद्दामच घ्यायला लावली. हळदीचा वास नाकात भरला आणि वन्संनी माझा हात धरला. समोर त्याच दुकानाची पाटी होती. आत गादीवर चष्मेवाले, जरा वाकलेले एक गृहस्थ बसले होते. "वन्सं, उतरा. हळद घ्यायला आलोय म्हणू." तेवढ्यात आत फोन वाजला. ते गृहस्थ लगबगीने उठले, टोपी सारखी केली, फोन कानाला लावला आणि पुरतं ऐकूनसुद्धा न घेता खाली ठेवला. यंत्राचाच असणार.

"आवं, उतरनार हाय का मावशी?" रिक्षावाला म्हणाला.

"नाही रे बाबा," वन्सं म्हणाल्या. "चल."

लग्नात त्या जेवल्या नाहीत. मी त्यांच्यावर रागावले, मनातून अजून रागावलेलीच आहे. पण त्यांना काय म्हणू? त्या बाईला तो शब्द मोडता आला असता, तर ती आमच्या वन्सं कशी झाली असती?

हल्ली दुपारी त्यांच्या मोबाइलवर यंत्राचे फोन येतात. समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. आम्ही बाकीचे लगेच बंद करतो. वन्सं मात्र पदर सारखा करतात, प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकतात, विचार करून बटण दाबतात. आणि शेवटचा प्रश्न आला की कुठलंच बटण न दाबता, फोन तोंडाशी नेऊन हळूच म्हणतात, "त्याचं उद्या सांगते हं."