तीन कॉलेजं आणि कंडक्टरकाका

परभणीहून गाडी निघाली की आमचे कंडक्टरकाका ‘बोरी’ म्हणायला सुरुवात करायचे आणि ते नाव तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत बोरी खरंच आलेली असायची, असं आमच्याकडे अजून सांगतात. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. काका अडखळत बोलायचे. पहिल्याच अक्षरावर जीभ रुतायची, मान एका बाजूला कलायची, डोळे मिटायचे आणि समोरच्यानं धीर धरला तर शब्द यायचा. समोरचा सहसा धीर धरायचा नाही. काकांचं स्वतःचं नाव प्रल्हाद. जोडाक्षरानं सुरू होणारं नाव ठेवल्याबद्दल त्यांच्या वडिलांवर, म्हणजे माझ्या आजोबांवर, त्यांचा शेवटपर्यंत राग होता.

अशा माणसाला एसटीत कंडक्टर कोणी केलं, असं नवा ड्रायव्हर हमखास विचारायचा. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. “सरकारनं मला बोलायला घंटी दिली हाय. एक मारली की थांब, दोन मारल्या की चल. लय मोठ्या माणसालाबी याच्यापेक्षा जास्त काय बोलायचं असतं?” त्यांची वाक्यं मी इथे सलग लिहितो आहे. ती सलग नव्हती. मधले थांबे वाचणाऱ्यानं आपापले धरावेत.

भांडताना मात्र त्यांची जीभ मोकळी सुटायची. दारात लोंबकळणाऱ्या पोराला ते अशी काही आठवण करून द्यायचे त्याच्या खानदानाची, की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. बैलांशीही ते न अडखळता बोलत. “बैल मधी बोलत न्हाई,” हे त्यांचं कारण.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे, आमच्याच घरात राहिलेले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. जिभेमुळे त्यांचं लग्न जमलं नाही, असं सगळं बोरी म्हणतं. ते खरं नाही. खरं कारण मी आहे. ते सांगायलाच लिहायला बसलो आहे, पण ते माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, हे कळायला आधी कॉलेजांची गोष्ट सांगावी लागेल.

मी जिंतूरच्या शाळेत शिक्षक. सत्कार असो, लग्नातलं स्वागत असो, माईक माझ्याच हातात येतो. काकांनी तोंड उघडलं की त्यांचं वाक्य मी पुरं करायचो. घरात ते माझं कामच झालं होतं. काका ‘च’ म्हणाले की मी आत ओरडून चहा सांगायचो. एकदा त्यांना चप्पल हवी होती. त्यांनी निमूट चहा घेतला आणि अनवाणी ड्यूटीवर गेले. मी याला मदत म्हणत होतो.

माझी मुलगी रेणुका बोलण्याऐकण्याचे दोष दूर करायचं शिक्षण घेत होती. लोकांना वाटायचं, काकांमुळे हे काढलं हिनं. काकाही तसं ऐटीत सांगायला लागले होते. रेणू सरळ म्हणाली, “काका, मला फिजिओथेरपीला नंबर न्हाई लागला.” काका तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. म्हणजे नेहमीपेक्षा थोडं कमी बोलले, एवढंच.

पदवी झाली आणि पुढच्या दोन वर्षांसाठी तीन कॉलेजांत तिचं नाव आलं. एक पुण्याचं, एक मुंबईचं, एक हैदराबादचं. एकातच प्रवेश घ्यायचा होता आणि कळवायला पंधरा दिवस होते. मी म्हणालो, प्रत्यक्ष बघून ठरवू. काकांनी कोणाला न विचारता पिशवी भरली. त्यांच्या मते कॉलेज बघायला जाणं आणि स्थळ बघायला जाणं एकच. पोरगी तिथं नांदायचीय, तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस सोबत पाहिजे. पिशवीत धोतर, फुटाणे आणि तिकिटांना भोक पाडायचा त्यांचा जुना पंच. एसटीत मशीन आल्यावर पंच निकामी झाला होता, पण काका तो चष्म्यासारखा जवळ बाळगायचे.

पुण्याच्या कॉलेजात माहितीपत्रक मिळालं. मी निकाल, वसतिगृह, नोकऱ्या यांची चौकशी करत हिंडलो. काका त्यांच्या चौकशीला एकटेच गेले. कधी वॉचमनजवळ, कधी खिडकीवरच्या क्लार्कजवळ, कधी व्हरांड्यातल्या पांढऱ्या कोटातल्या मुलींजवळ. दर वेळी लांबून पंचाचा आवाज यायचा. संध्याकाळी पत्रकावर सात भोकं होती. मी विचारलं तर म्हणाले, त्यांचा शब्द मधेच ज्यानं तोडला, त्याचं एक भोक. माणसाला बोलतं करायची शाळा आणि माणसाला बोलू देईनात. रेणू हसून हसून खाली बसली. मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

मुंबईचं कॉलेज मात्र बघूनच मी खूश झालो. काचेची इमारत, थंडगार खोल्या, रांगेनं मांडलेली यंत्रं. तिथे काकांना तहान लागली. काउंटरवरच्या बाईंना त्यांनी पाणी विचारायला घेतलं. ‘प’ निघाल्याबरोबर बाईंनी आधी पार्किंग सांगितलं, मग प्रवेशपत्र, मग पेमेंट, आणि कशालाच मान हलत नाही म्हणताना शिपाई देऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाठवलं. काका गेले, खुर्चीवर बसले, प्राचार्यांच्या टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायले आणि नमस्कार करून बाहेर आले. त्या दिवशी पत्रकाची चाळणी झाली. “सोयाबीन चाळता येईल,” म्हणाले.

तिथेच प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंनी रेणूला विचारलं होतं की हा विषय तुला का आवडतो. रेणू जरा विचारात पडली आणि मी उत्तर दिलं. चांगलं दिलं, बाईंनी मान डोलावली. परतीच्या प्रवासात मी रेणूला न सांगता कॉलेजला फोन केला, की मुलीनं तुमचंच नक्की केलंय. हैदराबादची तिकिटं काढलेली होती म्हणूनच आम्ही पुढच्या आठवड्यात तिकडे गेलो.

हैदराबादची इमारत जुनी, पंखे कुरकुरणारे. विभागाच्या मॅडम ठेंगण्या, केस पांढरे, दखनी हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी रेणूला पत्रक वगैरे काही दाखवलं नाही. अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या एका आजोबांशेजारी तिला स्टूल दिलं आणि एका विद्यार्थिनीचं काम बघत बस म्हणाल्या. मग काकांकडे वळून त्यांनी नाव विचारलं.

काकांनी मान कलती केली, डोळे मिटले. सवयीनं माझं तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता पंजा वर केला, चौकातल्या पोलिसासारखा. मी तोंड मिटलं. खोलीतल्या चार मुली, तो पेशंट, सगळे निवांत वाट बघत होते. कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी कीव केल्यासारखं हसलं नाही. शेवटी शब्द आला. प्रल्हाद. मग आडनाव, गाव, डेपो. पन्नास वर्षांत मी त्यांचं नाव त्यांच्या तोंडून अखंड ऐकलं नव्हतं. मॅडमना वाटलं, झालं. पण काकांना मधे अडवणारंच कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी जिंतूर डेपोच्या गाड्यांची अवस्था, मानवत फाट्याजवळचा अपघात आणि एका साहेबाशी झालेलं भांडण असं सगळं सांगून घेतलं. तास गेला. शेवटी मॅडमनीच शरमून घड्याळ बघितलं. काका त्यांना माफ करून उठले.

दुपारच्या गाडीनं परत निघालो. खिडकीशी रेणू, समोर काका. मी म्हणालो, बघून झालं ते बरं झालं, पण मुंबईला मी कळवून टाकलंय.

रेणू रागावली नाही. नुसती म्हणाली, “बाबा, मला कुणी विचारलंच न्हाई.”

काकांनी पिशवीतून गेटवर मिळालेलं हैदराबादचं पत्रक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला एकच भोक होतं. मी म्हणालो, “तिथं तर तुम्हाला कोणीच तोडलं नाही.”

“हे तुझं हाय,” काका म्हणाले. “गेटवर, वॉचमनला मी आपलं गाव सांगायलो होतो तवाचं. बाकीच्या दोन पत्रकांवर तुझी मोजलीच न्हाईत मी. घरचा माणूस म्हणून सूट दिली.”

आणि मग बत्तीस वर्षं गिळून ठेवलेलं मी ओकलो. रेणूसमोरच.

काका तेहतीस वर्षांचे आणि मी परभणीला कॉलेजात असताना ताडकळसचं एक स्थळ आलं होतं. मुलीचंही वय जरा पुढे गेलेलं. घरच्यांनी मला काकांची जीभ म्हणून सोबत धाडलं. मुलीनं पोहे ठेवले आणि रीत मोडून स्वतःच काकांना नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं नोकरी विचारली. मी सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा काही विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. आठ दिवसांनी तिचा भाऊ मला कॉलेजात येऊन भेटला. बहिणीचा निरोप होता. नवरदेव अडखळतात हे तिला आधीच माहीत होतं, त्याचं तिला काही नव्हतं. ‘बाजारच्या दिवशी त्यांना एकट्यालाच येऊ द्या. नाव त्यांच्या तोंडून ऐकायचंय, किती का वेळ लागंना. पुतण्याला आणू नका.’

शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी घरी येऊन सांगितलं, तिकडून नकार आलाय. तो बाजार गेला, पुढचा गेला, आणि त्या उन्हाळ्यात तिचं दुसरीकडे लग्न झालं. घरात सगळ्यांनी काकांच्या जिभेला बोल लावला. मीही लावला.

हे सांगताना आयुष्यात पहिल्यांदा मी अडखळलो. रेणूनं माझं वाक्य पुरं केलं नाही. तिचं शिक्षण झालं होतं.

काका फुटाणे सोलत होते. त्यातले दोन त्यांनी माझ्या हातावर ठेवले. “मला ठाऊक हाय,” म्हणाले. “ताडकळसच्या गाडीला ड्यूटी होती माझी. ती माहेरपणाला आली तवा तिनंच सांगितलं.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला एका शब्दानं का बोलला नाहीत?

“बोलायला घेतलं की लेका,” काका म्हणाले. “चारदा घेतलं. दर टायमाला तूच मधी बोललास.”

रेणूनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती, मला आजही विचारायचं धैर्य नाही. दोन्ही असणार.

घरी आल्यावर मी तिला कॉलेजाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. शाळेत मला तास घ्यायला सुचेना. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, हैदराबाद. काकांच्या भोकांवरून नाही ठरवलं, हेही बजावलं. मुंबईत तिला यंत्रं दाखवली, पेशंट दाखवला नाही. मॅडमनी पहिल्या दहा मिनिटांत पेशंटजवळ बसवलं. एवढंच कारण. मुंबईला फोन तिनं मलाच करायला लावला. मी खोटं बोललो होतो, असं मी तिथल्या प्रवेशाच्या बाईंना सांगितलं. बाईंनी मधेच “इट्स ओके” म्हणून फोन ठेवला. काकांनी ते ऐकलं आणि खिशात हात घातला.

रेणू निघाली त्या दिवशी आम्ही दोघं परभणी स्टेशनवर तिला पोचवायला गेलो. सामान चढलं, ती दारात उभी राहिली. गाडीनं शिट्टी दिली आणि काकांनी बोलायला घेतलं. मान कलली, डोळे मिटले, हात वर गेला. ‘ध’ होता. धीर, मला वाटलं. धीर सोडू नको पोरी. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी ओठ दाबून धरले. रेणूही थांबली होती, डोळे भरून. गाडी हलली. काका हात हलवत तिच्याबरोबर चार पावलं चालले, डबा पुढे गेला, रेणू लहान होत गेली आणि शेवटचा डबा समोरून निघून गेल्यावर काकांच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं.

“धपाट्यांचा डबा बाकड्यावर ऱ्हायला तिचा.”

मी मागे बघितलं. डबा होता. काका माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आज तरी मधी बोलायचं होतंस, गाढवा.”

आम्ही त्याच बाकड्यावर बसून डबा उघडला. दोन धपाटी झाल्यावर काकांनी हात पुसले आणि आपणहून ताडकळसच्या गाडीतली ती दुपार सांगायला घेतली. ती काय म्हणाली, ते काय म्हणाले, उतरताना काय झालं. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मी मधे ‘हं’सुद्धा केलं नाही. काकांनी जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं बोलणं होतं.